धावत्या गाडीतून काढलेला फोटो

एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळाली की लहान मूल पहिला प्रश्न कोणता विचारते, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. “झाडं मागं का पळतात?” आणि रात्रीचा प्रवास असला तर दुसरा, “चांदोबा आपल्याबरोबर का येतो?” वडील माणसे हसतात, “तुझ्यासाठीच येतो हो,” असे सांगतात आणि विषय मिटतो. मंडळी, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आज मी द्यायचे म्हणतो, पण कॅमेऱ्याच्या मदतीने. हल्ली प्रवासात पुष्कळांच्या खिशात मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये कॅमेरा असतोच. धावत्या गाडीतून फोटो काढला, की ते पळणारे झाड फोटोवर एक फराटा ओढून जाते. आपण म्हणतो, “अरे, फोटो हलला,” आणि पुसून टाकतो. तो पुसण्याआधी वाचता आला, तर गाडी किती वेगात होती आणि झाड किती लांब होते, हे त्यात लिहिलेले सापडते.

हा फराटा उमटतो कसा, ते आधी पाहू. दारापुढे रांगोळी घालणारी बाई डोळ्यांसमोर आणा. चिमटीतून पीठ सुटत असताना हात एके ठिकाणी धरला, तर जमिनीवर ठिपका पडतो. पीठ सुटत असतानाच हात सरकवला, तर रेघ उमटते. रेघ किती लांब होणार? हात किती वेगाने सरकला आणि चिमूट किती वेळ सैल होती, या दोन गोष्टींवर ते अवलंबून आहे. कॅमेऱ्यात पिठाच्या जागी प्रकाश असतो आणि चिमटीच्या जागी शटर, म्हणजे पडदा. पडदा उघडा असतो तेवढा वेळ प्रकाश आत पडत राहतो. हा वेळ सेकंदाचा तिसावा भाग असेल, हजारावा असेल, पण तो शून्य कधीच नसतो. म्हणून कोणताही फोटो हा एका क्षणाचा नसून एका लहानशा कालावधीचा असतो. त्या अवधीत जे स्थिर राहिले त्याचा ठिपका पडतो, जे सरकले त्याची रेघ होते.

आता थोडे गणित करू. गुरुजींनी फळ्यावर मांडावे असेच आहे. गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरा. म्हणजे सेकंदाला बरोबर १५ मीटर. पडदा सेकंदाचा तिसावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यात गाडी अर्धा मीटर, म्हणजे जवळजवळ एक हात, पुढे गेली. आता मोबाइल आडवा धरून, काही मोठे-लहान न करता, खिडकीतून काटकोनात फोटो घेतला, तर समोर जितके अंतर असेल त्याच्या साधारण १.४ पट रुंदीचा देखावा त्यात मावतो. पाच मीटरवर बाभळीचे झाड असेल, तर तिथली सात मीटर रुंदी फोटोत आली. सात मीटरांत अर्धा मीटर म्हणजे चौदावा हिस्सा. हाच फोटो १४ सेंटिमीटर रुंदीच्या कागदावर छापून घेतला, तर बाभळीची प्रत्येक फांदी एक सेंटिमीटर लांब फराटली जाईल. पन्नास मीटरवरच्या विहिरीचा फराटा एक मिलिमीटर. पाचशे मीटरवरच्या वाडीचा मिलिमीटरचा दहावा भाग, तो डोळ्याला जवळजवळ कळतच नाही. कऱ्हाडकडून साताऱ्याला येताना लांबून अजिंक्यतारा दिसू लागतो, तो तर कोरून काढल्यासारखा स्पष्ट उमटेल.

एकच गाडी, एकच वेग, एकच फोटो; पण कुंपण वाहून गेले, ऊस पुसट झाला, किल्ला जागच्या जागी राहिला. “झाडं मागं पळतात” म्हणणाऱ्या मुलाने हेच पाहिलेले असते. जवळचे झाड भराभर पळते, लांबचे रेंगाळत पळते, आणि फार लांबचे पळतच नाही. चांदोबाचे कोडेही इथेच सुटते. चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर. गाडी ५० किलोमीटर धावली, तरी त्या धावण्यामुळे चंद्राची दिशा बदलते ती फार तर चंद्रबिंबाच्या रुंदीच्या सत्तराव्या हिश्शाइतकी. झाडे, घरे, टेकड्या एकामागून एक मागे पडतात, चंद्र काही केल्या मागे पडत नाही. मग पोराने काय समजावे? बरोबर येतो, असेच.

वर्गातल्या मुलांना हे गणित उलटेही करता येईल. गाडीचा वेग हवा असेल तर रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पाहावेत. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले ते मोजून ३६०० ला त्या आकड्याने भागावे. ६७ सेकंद आले तर वेग ताशी ५४ च्या आसपास झाला. पडदा किती वेळ उघडा होता, हे बहुतेक मोबाइल फोटोच्या तपशिलात लिहून ठेवतात. वेग आणि वेळ कळला, फराटा पट्टीने मोजला, की झाडाचे अंतर काढता येते. आपण घेतलेल्या उदाहरणात पाचाला सेंटिमीटरमधल्या फराट्याने भागायचे, की मीटरमध्ये अंतर मिळाले. फराटा अर्धा सेंटिमीटर, तर झाड दहा मीटरवर. अगदी काटेकोर येणार नाही, पण पावलांनी मोजून पाहायला मुलांना उत्साह वाटावा इतके जवळचे येते.

एक अडचण मात्र लगेच येईल. भर दुपारी कुणी हा प्रयोग करायला जाईल आणि म्हणेल, “फराटा कुठाय? माझी बाभळ तर पानन् पान स्वच्छ आली!” खरे आहे ते. मोबाइलच्या भिंगाचे छिद्र मोठे असते आणि ते लहान करता येत नाही, म्हणून कडक उन्हात तो पडदा सेकंदाच्या दोन-तीन हजाराव्या भागाइतकाच उघडतो. तेवढ्यात गाडी सरकते अर्धा-पाऊण सेंटिमीटर. झाड थिजून जाते. जुन्या पेटी-कॅमेऱ्यात उलट होते. त्याचा पडदा सेकंदाचा तिसावा-पन्नासावा भाग उघडायचा आणि त्यात फेरफार करायची सोयच नसायची. म्हणून घरातल्या जुन्या आल्बममध्ये आगगाडीतून घेतलेला फोटो असला, तर त्यात जवळचे खांब हटकून वाहून गेलेले दिसतील.

आणि मला विचाराल, तर थिजलेल्या झाडाच्या फोटोत गंमत नाही. गाडी धावत होती की पंक्चर होऊन उभी होती, हे त्यावरून कुणी सांगू शकणार नाही. प्रवासाचा फोटो म्हणून काढायचा, तर त्यात प्रवास दिसायला हवा. त्यासाठी पडदा रेंगाळायला हवा, आणि तो रेंगाळायचा तर उजेड कमी हवा. सूर्य मावळल्यानंतरचा अर्धा तास या कामाला उत्तम. पहाटेची पहिली गाडीही चांगली. पावसाळ्यात आभाळ गच्च भरलेले असताना भिंगापुढे काळा गॉगल धरला, तर दिवसाही काम भागते. पुष्कळ मोबाइलमध्ये ‘प्रो’ नावाची सोय असते, तीत पडद्याचा वेळ आपल्या हाताने ठरवता येतो. तिथे तिसावा किंवा पंधरावा भाग लावावा आणि प्रकाशाची संवेदनक्षमता सर्वांत कमी ठेवावी. सेकंदाच्या चौथ्या भागापर्यंत गेलात, तर पाच मीटरवरचे कुंपण अर्ध्या फोटोभर पसरेल. ते कुंपण आहे हे ओळखूही येणार नाही, हिरव्या-तपकिरी पट्ट्या तेवढ्या राहतील. काहींना तेही आवडते.

पण आपल्याला हवा तो फराटा वेगळा आणि हात थरथरल्याचा फराटा वेगळा. पहिला आडवा, सरळ, अंतराप्रमाणे लहानमोठा. दुसरा वाकडातिकडा आणि किल्ल्यालाही तितकाच लागलेला. म्हणून किल्ला पाहावा. लांबचा डोंगरही हललेला असेल तर तो दोष गाडीच्या वेगाचा नाही, हादऱ्याचा आहे. तो टाळायला कोपर खिडकीच्या गजावर टेकू नये. गजाचा हादरा थेट कॅमेऱ्यात उतरतो. पाठ सैल सोडावी, कोपरे पोटाशी धरावीत, म्हणजे हादरे अंगातच जिरतात. काच बंद असेल तर भिंग काचेच्या अगदी जवळ न्यावे, पण टेकवू नये.

हात मात्र खिडकीबाहेर काढायचा नाही. गजाबाहेर गेलेला हात, समोरून घासून जाणारा ट्रक, रस्त्याकडेच्या झाडाची फांदी, हे वर्तमानपत्रांत आपण वाचतो. आगगाडीच्या दारात उभे राहून फोटो काढणे तर नकोच नको. आणि जो गाडी चालवतो आहे, मग ती मोटरसायकल का असेना, त्याने कॅमेऱ्याला हात लावू नये. ज्या फराट्याची मी इतकी तारीफ करतो आहे, तो आतल्या बाकावर बसूनच उत्तम मिळतो.

किंबहुना सर्वांत सोपा आणि सुंदर फोटो गाडीच्या आतच मिळतो. शेजारी बसलेली आजी, मांडीवर तिची पिशवी, मागे खिडकी. आजी, पिशवी आणि खिडकीची चौकट आपल्याच वेगाने चालली आहेत, म्हणजे आपल्या हिशेबी ती स्थिर. बाहेरचे तेवढे धावते. पंधराव्या भागाला फोटो घेतला, तर आजीच्या कपाळावरचे कुंकू स्वच्छ आणि खिडकीत नुसत्या धावत्या रेघा. असाच न्याय शेजारून त्याच वेगाने जाणाऱ्या मोटरसायकलला लागतो. ती आणि तिच्यावरचा स्वार स्पष्ट येतात, चाकांच्या तारा आणि रस्ता वाहून जातात.

याहून अवघड, पण शिकण्यासारखा प्रकार म्हणजे नेम धरून कॅमेरा फिरवणे. पाखरे राखणारा पोरगा उडत्या थव्याबरोबर गोफण फिरवत नेतो, तसे. समजा, तीस मीटरवर शेतात बैलजोडी औत ओढते आहे. तिच्यावर नेम धरायचा, आणि गाडी पुढे जाईल तसा कॅमेरा हळूहळू मागे वळवत न्यायचा. ताशी ५४ च्या वेगाला, बैल अगदी समोर असतील तेव्हा, सेकंदाला काटकोनाचा साधारण तिसरा हिस्सा वळावे लागते. वळता वळताच बटण दाबायचे आणि दाबल्यावरही वळणे थांबवायचे नाही. साधले, तर बैल स्पष्ट येतात. मग बाकीच्याचे काय होते? बैलांच्या अलीकडचे कुंपण मागे पळते आणि पलीकडचा डोंगर पुढे पळतो! पंधराव्या भागाला घेतलेल्या फोटोत तो डोंगर सुमारे तीन मिलिमीटर सरकलेला असेल. सगळे शेत त्या बैलजोडीभोवती गरगर फिरल्यासारखे वाटते. हे कॅमेऱ्याशिवायही पाहता येईल. खिडकीतून एका झाडावर नजर रोखून ठेवा. त्याच्या अलीकडचे मागे जाईल, पलीकडचे आपल्याबरोबर येईल. दहा वेळा नेम धरला तर एखादा फोटो साधेल. बाकीचे नऊ फुकट गेले तरी मोबाइलला रिळाचा खर्च नाही.

ड्रायव्हरच्या मागच्या बाकावरून समोरच्या काचेतून फोटो घेतला, तर चित्र निराळेच. गाडी ज्या दिशेला चालली आहे तो एक बिंदू स्थिर राहतो आणि रस्ता, झाडे, खांब त्या बिंदूतून चारी दिशांना उधळल्यासारखे फराटतात. कडेला फराटे लांब, मध्यावर लहान.

खिडकीतून चित्रे टिपणाऱ्यांत मोठमोठे लोक होऊन गेले. अमेरिकेतल्या वॉकर इव्हान्स या छायाचित्रकाराने आगगाडीच्या खिडकीतून घेतलेली चित्रे सप्टेंबर १९५० च्या ‘फॉर्च्यून’ मासिकात छापून आली. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते एका फ्रेंच मुलाचे चित्र. तो गाडीत नव्हता, रस्त्याकडेला उभा होता. तरी आपल्याच विषयाचे आहे. जाक आंरी लार्तिग हे त्याचे नाव. फ्रान्समधल्या मोटारींच्या शर्यतीत त्याने धावत्या मोटारीबरोबर कॅमेरा फिरवला, पण मोटार जास्त वेगवान ठरली. चित्रात अर्धी मोटार कापली गेली. तिचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आणि कडेचे प्रेक्षक मागे कलले. ते चित्र बरीच वर्षे बाजूला पडून होते. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात लार्तिगच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, आणि आज वेगाचे चित्र म्हटले की जाणकारांना पहिल्यांदा हेच आठवते.

चाक का झुकले? त्या कॅमेऱ्याचा पडदा सगळा एकदम उघडत नसे. त्यात एक फट असायची आणि ती चित्रावरून सरकत जायची. जमिनीकडचा भाग आधी टिपला गेला, वरचा मागाहून. तेवढ्यात मोटार पुढे गेली, म्हणून चाकाचा वरचा भाग पुढे. कॅमेरा फिरत होता, म्हणून प्रेक्षक चित्रात मागे सरकत होते. त्यांची डोकी मागे.

हा शंभर वर्षांपूर्वीचा प्रकार तुमच्या-आमच्या मोबाइलमध्ये रोज घडतो. मोबाइलही चित्र एकदम टिपत नाही, एकेक ओळ करून टिपतो. आडवा धरला तर बहुधा वरची ओळ आधी, खालची शेवटी. खांबाचा शेंडा आधी टिपला, बुंधा टिपेपर्यंत गाडी पुढे गेली आणि बुंधा चित्रात मागे राहिला. परिणामी सरळ उभा खांब गाडीच्या दिशेला झुकलेला दिसतो. मोबाइल उलटा धरून फोटो घ्या, तोच खांब दुसऱ्या बाजूला झुकेल. आणि हे भर दुपारीही होते, फराटा मुळीच नसताना. चित्र अगदी स्वच्छ, पण खांब वाकडा.

इथे गंमत संपते आणि जरा जपून वागायची वेळ येते. आजकाल फोटो हा पुरावा म्हणून पाठवला जातो. गावाबाहेरचा विजेचा खांब कलला आहे, कधीही पडेल, अशी तक्रार कुणी धावत्या गाडीतून काढलेल्या फोटोनिशी केली, तर पाहणारा काय समजेल? खांब ओळंब्यात असू शकेल. उलट खरोखरच कललेला खांब तशा फोटोत सरळही दिसू शकेल. गारपिटीनंतर जीपमधून जाता जाता शेताचे फोटो घेणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. आभाळ झाकोळलेले, संध्याकाळची वेळ; पडदा रेंगाळणारच. लांबचा डोंगर सुरेख येईल आणि बांधालगतची झोडपलेली ज्वारी, जिच्यासाठी फोटो घेतला, तीच फराट्यात जाईल. कणीस मोडले की वाऱ्याने वाकले, हे त्यात कोण ओळखणार? अशा वेळी गाडी थांबवावी, खाली उतरावे, आणि उभ्याने फोटो घ्यावा. दोन मिनिटांचे काम आहे, आणि शेतकऱ्याच्या हंगामाचा प्रश्न असतो.

विमानातून जमिनीचे नकाशे करणाऱ्यांपुढेही हेच गणित असते. ताशी ३६० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाच्या पाचशेव्या भागात २० सेंटिमीटर पुढे जाते. खालचा बांध टिपायला हे चालते, बांधावरचा दगड टिपायला चालत नाही. यावर तोड अशी काढली, की पडदा उघडा असताना कॅमेऱ्यातली फिल्मच प्रतिमेच्या वेगाने सरकवायची. रांगोळीच्या हाताखालची जमीन हाताबरोबर सरकली, तर रेघेचा पुन्हा ठिपकाच पडेल, तसे. १९६६ साली अमेरिकेने चंद्राभोवती पाठवलेल्या पहिल्या ‘लूनर ऑर्बिटर’ यानात ही योजना होती. पण त्यातल्या बारकाव्याच्या कॅमेऱ्याचा पडदा भलत्या वेळी उघडू लागला, आणि त्याची बरीचशी चित्रे फराटलेलीच आली.

रात्रीचा एक प्रयोग राहिला. त्याला प्रवासाची गरज नाही. घरी किंवा शाळेत करता येईल. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे करते, म्हणून साध्या चोकची नळी किंवा स्वस्तातला एल.ई.डी. दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, धावत्या कॅमेऱ्याला कळते. अंधारात लांबवर असा एक दिवा ठेवा, पडद्याचा वेळ सेकंदाचा दहावा भाग लावा, आणि कॅमेरा झपकन आडवा फिरवत फोटो घ्या. दिव्याची अखंड रेघ न येता तुटक रेघ येईल. तुकडे मोजा. दहा भरले पाहिजेत, कारण शंभराचा दहावा भाग दहा. विसावा भाग लावला तर पाच. नऊ आले किंवा अकरा आले, तर शेवटचा तुकडा अर्धवट सुटला असेल. मुलांना पुन्हा मोजायला सांगावे. काही चांगल्या दिव्यांत ही लुकलुक काढून टाकलेली असते, त्यांची रेघ सलग येते. मेणबत्तीची, कंदिलाची आणि बॅटरीवरच्या साध्या बल्बचीही सलगच येते. तेव्हा रात्रीच्या एस.टी.तून घेतलेल्या फोटोत गावाच्या वेशीवरचे दिवे नागमोडी, तुटक रेघांनी उमटले असतील, तर प्रत्येक तुकडा सेकंदाचा शंभरावा भाग आहे असे धरावे. आणि रेघ जिथे एकदम वर उसळलेली दिसेल, तिथे चाक खड्ड्यात गेले होते.